टावेलाच्या गठ्ठ्यावरनं फंड वळखायची मी

मला ते चार्ट-बिर्ट कळत न्हवते, नववीतनं शाळा सुटली माजी, पन आमचा म्युच्युअल फंड वर गेला का खाली आला ते मी फोन न उघडता सांगायची आनि लई हुशारी वाटायची मला त्याची. सकाळी कारखान्याचा टेम्पो बोळात यायचा, कडा शिवायला टावेलाचे गठ्ठे टाकून जायचा. चार गठ्ठे टाकले की त्या आठवड्यात फंड हिरवा. दोन टाकले की लाल.

पैसे आईनं दिलते, पोर झाली तवा, माहेरच्या शेळ्या इकून, नातीच्या नावानं. आमच्या ह्यांना एवढंच म्हाईत की पैसे ठेवल्यात. कशात, ते मी सांगितलं न्हाय, त्यांनी इचारलं न्हाय. नवी पेठेत फंडाचं काम करनाऱ्या मॅडमनी फॉर्म भरून घेतला, पन फंड मीच दाखवला फोनवर, त्या नको म्हनत व्हत्या तरी. त्यात कापडाच्या, टावेलाच्या कंपन्या दिसल्या, वर्षाचा आकडा बी सगळ्यात मोठा. मला वाटलं, हे तर आपलंच, ह्यातलं आपल्याला कळतंय की. घातले सगळे.

मंग परदेशातली मागनी बसली. टेम्पो एकच गठ्ठा टाकायला लागला, मंग दोन दिवस आलाच न्हाय. हे त्याच कारखान्यात मागावर, त्यांचं काम आठवड्याला तीन दिवसांवर आलं. जेवताना म्हनले, "अगं, पोरीचे पैसे काढू. जुनी रिक्षा घेतो, हितं आता काय खरं न्हाय. चार पैसे सुटले की परत भरू." मी व्हय म्हनले, पन फंड लाल झालाय ते सांगितलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी पोरीला काखेत मारून मॅडमकडं गेले, जिना चढून दम लागलेला. त्यांनी कागद छापून फुडं ठेवला. "ताई, तुम्ही एकाच वर्षाचा आकडा बघितलात. पाच वर्षांचा बघा. आणि तेवढ्याच काळात सगळा बाजार किती वाढला ते शेजारी बघा. हा मागंच आहे." मंग एका गोलावर बोट ठेवलं, कुटल्या धंद्यात किती पैसे त्याचा गोल. निम्म्यापेक्षा जास्त एकच रंग. "हे सगळं कापड."

मी म्हनले, "मला कळायचं मॅडम, गठ्ठे कमी आले की हा पडायचा."

त्यांनी इचारलं, "तुमचे मालक कशात आहेत?"

"टावेलात."

"सासूबाई?"

"त्या गाठी मारत्यात. टावेलाच्याच."

"आणि तुम्ही?"

तवा कुटं माज्या ध्यानात आलं. टेम्पो आला न्हाय की आमची भाकरी जायाची आनि पोरीचे पैसे बी त्याच दिवशी जायाचे, आनि मी वर्षभर गठ्ठे मोजून खूश व्हत व्हते.

घरी ह्यांना सांगितलं, खाली बघतच. "काढले तर आईनं दिलते तेवढे बी येत न्हाईत."

"का? कशात घातल्यास?"

"टावेलात."

हसायलाच लागले. "आगं, एवढी दुनिया पडली व्हती, तुला टावेलच घावला?" मंग हसू गेलं. शर्टाला चिकटलेलं सूत उचललं. "मला इचारलं आसतंस तर मी बी तेच सांगितलं आसतं," म्हनले. "रिक्षा कुनाची तरी भाड्यानं बघतो. पोरीचे पैसे तितनं हलीव तेवढे."

आमी तिघं गेलो. मॅडम म्हनल्या, "दुसऱ्या फंडात हलवले की झालेला तोटा पक्का होतो. चालेल ना?" मी चालेल म्हनले, पन सही जुळली न्हाय, त्यांनी दुसरा फॉर्म दिला. हे मदीच म्हनले, "मॅडम, नव्या फंडात टावेल हाय का?"

"असेल थोडा. त्यात सगळ्याच धंद्यांचं थोडंथोडं असतं."

"थोडा ऱ्हाऊ द्या मंग," हे म्हनले आनि पोरीला माज्याकडनं घेतलं. दुसरी सही जुळली, पन भ्या काय गेलं न्हाय माजं.