स्थानिक नाव : नाही

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी लवळ्याला, आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या धूत होतो. चुलतभाऊ एवढंच म्हणाला, "ठकूआत्या गेली. ये." आता महिना होत आला. लोक म्हणतात, दुःख ओसरेल. मला दुःखापेक्षा राग जास्त येतो, आणि तो ओसरत नाही.

पौडच्या पुढे डोंगरात आमचं धनगराचं घर. आत्या लवकर विधवा होऊन माहेरी परतली आणि बकऱ्यांमागे गेली, म्हणून मला जावं लागलं नाही. घरातला पहिला पदवीधर मी झालो तो तिच्या पायांच्या जोरावर. झाड पडलं की फांद्या आपल्या, बुंधा रानाचा, अशी आमच्याकडची रीत. बुंधा जागीच कुजू द्यायचा. त्यावर जी अळंबी उगवेल तिला आत्याकडे नाव असायचं.

कॉलेजात मी ज्यांच्या हाताखाली काम करतो त्या सरांनी अशा अळंब्यांची पाहणी काढली तेव्हा वाट दाखवायला मी आत्यालाच नेलं. ती काठीनं दाखवत गेली. तपकिरी, मऊ, लव असलेली ती 'कोकराचा कान'. काळी, लाकडातून वर आलेली 'चुलीतली बोटं'. इवल्या वाटीत दाणे असलेली 'चिमणीचा संसार'. पिवळी, लिबलिबीत ती 'सासूची जीभ'.

"सासूची का गं?" मी विचारलं.

"वाळून कोळ झाली तरी पान्याचा थेंब पडला की पुन्ना वळवळती. माजी सासू आठव की."

सर हसले नाहीत. "या उपमा झाल्या. मला नाव पाहिजे," म्हणाले. कॉलेजच्या भिंतीवर लावायचा तक्ता भरायचं काम माझं. सरांसमोर मी आजही अडखळतो... मी 'स्थानिक नाव' या रकान्यात 'नाही' लिहिलं. चारही वेळा. कुणी माझा हात धरला नव्हता.

घरी गेलो की आत्या विचारायची, "माजी नावं लागली का रं भितीवर?"

"छापायला दिलीत, आत्या."

"मंग फोटू काडून आण. सासूचा आदी."

शेवटच्या भेटीतही तिनं हेच विचारलं आणि मी हेच खोटं बोललो.

तेराव्याला सरपण कमी पडलं. चुलतभाऊ कुऱ्हाड घेऊन घरामागच्या पडलेल्या आंब्याच्या बुंध्याकडे निघाला. मी त्याच्या अंगावर ओरडलो. "शिकल्याला तू, अन् तूच रीत सांगतुया व्हय?" असं म्हणत त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली.

कामावर परतलो तर जिन्याजवळ तक्ता लागलेला. गुळगुळीत कागद, सुंदर फोटो, आणि प्रत्येकाखाली 'स्थानिक नाव : नाही'. एका फोटोच्या कोपऱ्यात आत्याच्या काठीचं टोक आलंय. तेवढीच ती. नावं होती, असं मी सरांना सांगितलं. म्हणाले, "पुढच्या वेळी बघू." पुढच्या वेळी कुणाला विचारणार, सर? तिनं जन्मभर वापरलेलं नाव ही उपमा, आणि मी घाबरून लिहिलेलं 'नाही' हे शास्त्र?

म्हणून ती चार नावं मी इथे लिहिली आहेत.

परवा घरी गेलो. आंब्याचा बुंधा एका टोकाला आत्याच्या बसण्यानं गुळगुळीत झालाय. दुसऱ्या टोकाला कोकराचे कान फुटलेत. तिची जागा सोडून मी मधे बसलो. मग म्हणालो, "लागली न्हाईत, आत्या. मीच लिवली न्हाईत."