चार व्हायच्या आत

झेफानियास चिरिंझा तेरा वर्षं मापुटोतल्या एका वस्तीच्या क्लबकडून डाव्या बाजूला फुटबॉल खेळत होता. शिवाय फुटसाल, म्हणजे लहान बंदिस्त मैदानावरचा पाच-पाच जणांचा खेळ, तो मोझांबिककडून खेळे. लोक चिडवत, "दोन बायकांचा दादला!"

त्या रविवारी हंगामाच्या शेवटच्या सामन्यात बरोबरी झाली असती तरी क्लब वरच्या गटात टिकला असता. दोन मिनिटं उरली होती आणि गोल बरोबरीत होते. चेंडू रेषेबाहेर गेला. असा चेंडू हातांनी डोक्यावरून फेकायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. झेफानियास धावत गेला, चेंडू रेषेवर ठेवला, समोरच्या संघाच्या खेळाडूकडे बघत ओठ हलवले आणि पायानं मारला. शिट्टी वाजली. चेंडू समोरच्या संघाला मिळाला, आणि त्यावरच त्यांचा गोल झाला.

"विकला गेला मेला!" भजी-पाव विकणारी फेलिझ्मिना मावशी ओरडली. "ओठांनी खूण केली. या डोळ्यांनी पाहिलं मी."

प्रशिक्षक टिटोस मब्जाया यांनीही पाहिलं होतं. त्यांना सगळे 'मिस्टर' म्हणत. पायाचं त्यांना समजत होतं. झेफानियास गुरुवारीच परदेशातली फुटसाल स्पर्धा खेळून आला होता आणि त्या खेळात बाहेर गेलेला चेंडू पायानंच आत घेतात. पण घाई कसली? दुसरा कोणी वेळ काढायला बुटाची नाडी बांधत बसला असता. आणि ते ओठ?

मंगळवारी सरावात त्यांनी मुद्दाम चेंडू बाहेर घालवला. झेफानियासनं तो हातांनी फेकला, अगदी नियमाबरहुकूम. मिस्टरांचा संशय वाढलाच.

"येतं की तुला! मग रविवारी त्याला काय म्हणालास?"

"कोणाला, मिस्टर? मी बोललोच नाही."

धडधडीत खोटं. शनिवारी नव्या हंगामाची यादी द्यायची होती. नाव गाळलं, की झेफानियास विकला गेला यावर शिक्कामोर्तब.

शुक्रवारी सकाळी मिस्टर न कळवता त्याच्या घरी गेले आणि बोरूच्या कुंपणाआड थांबले. झेफानियास एकटाच भिंतीवर चेंडू मारत होता. चेंडू आंब्याखाली घरंगळला. तो धावला, चेंडू थांबवला. ओठ हलले. आज मिस्टर ऐकू येण्याइतके जवळ होते.

"एक, दोन, तीन..." आणि पाय.

कसाव्याची पानं कुटणारी त्याची बायको इझौरा म्हणाली, "झालं सुरू! घास उचलतानाही मोजतोस. चार झाले तर ताट शेजारणीला देणार आहेत का?"

"मी कुठे मोजतो?"

"मग मी मोजते वाटतं!"

फुटसालमध्ये चार सेकंदांत चेंडू आत आला नाही, तर तो समोरच्यांचा. मिस्टर खाकरले.

"मिस्टर! केव्हाचे उभे आहात?"

"यादीत आहेस तू. मात्र यापुढे बाहेर गेलेल्या चेंडूच्या जवळ जायचं नाही. हात नाही, पायही नाही."

झेफानियास हसला नाही. "मावशीचं सोडा. तुम्हालाही तसंच वाटलं होतं?"

मिस्टर कुंपणाकडे बघत राहिले. झेफानियासचे ओठ हलू लागले.

चार व्हायच्या आत मिस्टर म्हणाले, "हो. वाटलं होतं."