लेकीच्या गावचं पाणी

सुरुवातीलाच सांगते, मी भुताखेतांना मानणारी बाई नाही. आमच्या ईटच्या (ता. भूम, जि. धाराशिव) शिवारात एक चिंचेचं झाड 'लागिराचं' म्हणून बदनाम होतं. शाळेत असताना त्याच्याच सावलीत बसून मी डबा खाल्लाय, वर चिंचाही पाडल्यात. या सदरातले भुताटकीचे अनुभव वाचताना तर माझा एकच प्रश्न असायचा — बाबा रे, त्या दिवशी जेवलास काय? आता सांगायची पाळी माझ्यावर आलीये, तर तुम्हीही खुशाल विचारा. उपमा खाल्ला होता.

आम्ही इंग्लंडच्या उत्तरेला, एका टेकडीच्या पायथ्याच्या लहानशा गावात राहतो. आम्ही म्हणजे मी, नवरा प्रशांत आणि चार्ली नावाचं कुत्रं. इथे कामाला माणूस मिळणं मुश्कील, त्यामुळे नळ गळला तर आपण, भिंत रंगवायची तर आपण. व्हिडिओ बघितला की जगातलं कुठलंही काम जमतं असा प्रशांतचा ठाम समज आहे. त्याने ठोकलेल्या फळीवर ठेवलेला डबा आपोआप घरंगळत कडेला जातो... त्यात अमानवीय काही नाही, फळीच तिरकी आहे.

चार्लीला आम्ही शहरातल्या बेवारस कुत्र्यांच्या आश्रमातून आणलं. काळा-पांढरा, मेंढ्या राखणाऱ्या जातीचा, पण भित्रा इतका की मिक्सर लावला तरी सोफ्याखाली. संधी मिळाली की मागच्या अंगणातून पसार व्हायचा. म्हणून अंगणाला लाकडी कुंपण घालायचं आणि मागच्या बाजूला फाटक बसवायचं ठरलं. त्या कामाचे मुकादम होते माझे वडील, दादा — ईटमध्ये बसून, व्हिडिओ कॉलवर.

दादांचं आयुष्य मेंढरांमागे गेलं. मी शिकले, नोकरी केली, इतक्या लांब आले, पण त्यांच्या लेखी मी कुंपण घालते म्हणजे शेवटी वळणावर आलेच.

"पाव्हण्यास्नी सांग, डांब तिरका रवलाय. मेंढरानं अंग घासलं की आडवा व्हतोय बघ."

"दादा, इथं अंगणात मेंढरं कुठली?"

"नसू दे. तिरका हाय का न्हाय, ते बोल."

तिरका होता. प्रशांतने मुकाट्याने खांब उपटून परत रोवला.

'चार्ली' हे नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही. "आमच्यात समदी कुत्री मोत्याच," म्हणाले. मग जीभ टाळूला लावून त्यांची ती खास हाळी द्यायचे — "डुर्रर्र... मोत्याऽऽ, हॅ!" ती ऐकली की आमचं हे भित्रं कुत्रं सोफ्याखालून निघून थेट फोनसमोर येऊन बसायचं. मला ती हाळी कधीच जमली नाही. माझी जीभ तशी फिरतच नाही.

"एकदा येऊन बघा की दादा आमचं घर," मी दर वेळी म्हणायचे. पासपोर्टसुद्धा काढून ठेवला होता त्यांचा. पण आमच्यात एक रीत आहे. लेकीला मूल झाल्याशिवाय आईबापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. दादा तर त्याहून कडक, लेकीच्या गावचंसुद्धा पाणी नको म्हणणारे. "तुला लेकरू झालं का दुसऱ्याच दिशी इमानात बसतो बघ," असं सुरुवातीची काही वर्षं म्हणायचे. मी चिडवायचे, "पाणी तिकडनंच आणा! टँकर लावू. आपल्या जिल्ह्याला काय टँकर नवीन आहे?" हसून हसून ठसका लागायचा त्यांना.

आम्हाला मूल झालं नाही. काय काय केलं ते इथे सांगत बसत नाही. दादांनी एका शब्दाने कधी दुखवलं नाही, पण लेकराचं बोलणं त्यांनी हळूहळू बंद केलं. पुढे मी 'या' म्हटलं की नुसतं म्हणायचे, "गुडघं दुखत्यात गं." त्यांचे गुडघे धडधाकट होते. मला ते दिसत होतं, आणि मला दिसतंय हे त्यांनाही कळत होतं.

गेल्या हिवाळ्यात दादा गेले. झोपेतच. मी विमानं बदलत बदलत पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. परत आल्यावर कुंपणाला हात लावावासा वाटेना. खांबांसाठी खणलेल्या खड्ड्यांत पाणी साचून राहिलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला प्रशांतनेच पुन्हा काम काढलं. कुंपण झालं, फाटकाचे दोन खांब उभे राहिले. फाटक तेवढं गवतावर आडवं पडलं होतं, खालून कापायचं राहिलं म्हणून. शनिवारची दुपार. चार्लीला खांबाला बांधून ठेवला होता. प्रशांतने करवतीचं मशीन चालू केलं आणि चार्लीने असा हिसका दिला की पट्ट्याची कडीच निखळली. मोकळ्या जागेतून तो बाहेर पडला आणि दिसेनासा झाला.

टेकडीच्या पलीकडे मोठा रस्ता आहे. अवजड गाड्या सुसाट जातात. आमच्या दोघांच्याही मनात तेच आलं, पण बोललं कुणी नाही. प्रशांत गाडी घेऊन रस्त्याकडे गेला, मी टेकडीवर. वर धुकं उतरलेलं. "चार्लीऽ चार्लीऽ" ओरडून घसा बसला. शेवटी दादांची हाळी देऊन बघितली. तोंडातून नुसती फुरफुर निघाली... आणि मी तिथेच ओल्या गवतात बसून ढसाढसा रडले. कुत्र्यासाठी की कशासाठी, ते माझं मलाच कळेना.

बऱ्याच वेळाने हताश होऊन घरी आले, तर चार्ली फाटकाच्या मोकळ्या जागेत आडवा पडलेला. चिखलाने माखलेला, पण अंगावर ओरखडा नाही. मी गळ्यात पडले, कवटाळलं, ओढलं — उठायलाच तयार नाही. नजर बाहेर, मागच्या गल्लीवर. प्रशांतची गाडी आली, तो चालत आत आला, तेव्हा कुठे चार्ली उठला आणि अंग झटकून घरात गेला. मेंढरं रात्री वाघुरीत, म्हणजे जाळीच्या कोंडवाड्यात घातली की दादांचा मोत्या तोंडाशी असाच आडवा पडायचा. कळपातलं एक जरी मागे राहिलं तरी जागचा हलायचा नाही. हे चार्लीला कुणी शिकवलं? तो तर शहरात वाढलेला.

तेवढ्यात शेजारच्या मार्गारेटबाई कुंपणापाशी आल्या. सत्तरीच्या, एकट्या राहतात, स्वभावाने प्रेमळ. दादा गेल्याचं मात्र मी त्यांना सांगितलं नव्हतं.

"सापडला ना? तुझे वडील होते म्हणून बरं झालं," त्या म्हणाल्या.

मी वळून फाटकाकडे बघितलं.

"आल्याचं सांगितलं नाहीस मला! डोक्याला पांढरं कापड बांधलेले, ते वडीलच ना तुझे? इथे फाटकापाशी उभे होते. हा खांब हलवून बघत होते. मग असं काहीतरी ओरडले —" आणि त्या इंग्रज बाईने जीभ फिरवून हुबेहूब "डुर्रर्र" केलं. पुढे म्हणाल्या, "मोटिया. कुत्रा धावत आला आणि त्यांच्या पायाशी बसला."

प्रशांतने जाऊन तो खांब हलवून बघितला.

"थंडी होती, म्हणून मी त्यांना चहा विचारला," मार्गारेट सांगत होत्या. "नको म्हणाले. निदान पाणी? तर हात जोडले आणि मान हलवली. फार सभ्य माणूस. मी घरात जाऊन आले तोवर दिसले नाहीत. मला वाटलं, आत गेले असतील."

मी फोनवरचा दादांचा फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि प्रामाणिकपणे म्हणाल्या, "चष्मा नव्हता गं लावलेला. असतील हे. शपथेवर नाही सांगता येणार."

प्रशांतचं म्हणणं, टेकडीवर फिरायला येणारा कुणी म्हातारा असेल, आणि आमच्या व्हिडिओ कॉलचा आवाज खिडकीतून मार्गारेटच्या कानावर पडलेला असेल. असेलही. कॅमेरा आमच्या पुढच्या दाराला आहे, मागे नाही. पण फिरायला आलेला माणूस पाणी विचारल्यावर हात का जोडेल?

दुसऱ्या दिवशी आईला फोन केला. मला वाटलं होतं, शांती कर, नारळ फोड, असलं काहीतरी सांगेल. तिने सगळं ऐकून घेतलं.

"घरात गेलं व्हतं का गं?" तिने विचारलं.

"नाही आई. फाटकाशीच होते म्हणे."

"तिथं बसाय काय हाय का?"

"काहीच नाही गं. नुसतं गवत."

"मंग उभ्या उभ्याच गेलं म्हनायचं," ती म्हणाली, आणि दादा गेल्यापासून लोकांदेखत डोळ्यांतून टिपूस न काढलेली माझी आई फोनवर हमसून हमसून रडायला लागली.

या सगळ्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. तुमच्यापैकी कुणाला लागला तर जरूर कळवा. पण खरं सांगू... ते कोण होतं, कसं आलं, यासाठी माझा जीव तुटत नाही. इतकी वर्षं 'या, या' म्हणून मी दादांच्या मागे लागले. आले असतील तर ते एकदाच आले, आणि नेमकी तेव्हा मी घरी नव्हते.