कादंबरीच्या पानांत बांधलेली भजी

तुमीच न्याय करा बुवा! चूक माझी निघाली तर भर बाजारात कान धरतो. पण आधी पुरतं ऐकून घ्या.

आखाडा बाळापूरच्या बाजारात माझा भज्यांचा गाडा. बायको, मंदा, कांदा चिरून देते आन् हात रिकामा झाला की वाचत बसते. त्या हप्त्यात तिच्याकडं कोरियातली एक कादंबरी होती, मराठीत केलेली. त्यातली पोरगी खरं तर नऊ शेपट्यांची कोल्हीण! तिचा जीव जडला गावच्या तरण्या हाकिमावर, म्हणजे न्याय करणाऱ्या साहेबावर. आन् गावात एकामागून एक खून, मेलेल्याचं काळीज गायब! गाव म्हणतं, कोल्हिणीनंच खाल्लं. आता हाकिमानं तिला धरावं का तिच्याशी लगीन लावावं?

पुस्तक वाचनालयाचं. खराब होऊ नये म्हणून आमच्या बाईसाहेबांनी त्याला जुन्या पेपरचं कव्हर घातलं. आन् ठेवलं कुठं? माझ्या रद्दीच्या गठ्ठ्यावर! सांगा, पिठात हात बुडालेला माणूस गर्दीत कव्हर उघडून बघंल काय? हमीदचाचा टेलरनं दुकानातल्या कारागिरांसाठी भज्यांचे चार पुडे मागितले. मी मागून चार पानं टरकावली, पुडे बांधले, दिले.

जरा येळानं मंदाची किंकाळी!

"अवो, माझ्या पुस्तकाचा शेवट कुठाय?"

"मला वाटलं रद्दी हाय!"

"दोन म्हयने नंबर लावून बसले होते मी! खुनी कोण ते आज कळणार होतं!"

"त्यात काय एवढं? लगीन झालं असंल दोघांचं. सगळ्याच गोष्टीत होतं."

झालं! विळी तिथंच टाकून उठली. "शेवट घेऊन या, न्हाई तर उद्यापासून गाडा तुमचा तुमी बघा!" आन् चालली तरातरा घराकडं. मंदाबिगर गाडा? एक दिवस चालायचा न्हाई.

गॅस बंद करून पळालो चाचाकडं. तिथं बघतो तर मशिनी बंद! चाचा चष्मा लावून तेलकट पान वाचून राहिले आन् कारागीर कान देऊन ऐकून राहिले.

"चाचा, पानं द्या!"

"बैठ रे! तिकडं कोल्हीण फासावर चढून राहिली आन् तुला पानांची पडली?"

बसलो. करता काय? ऐकता ऐकता माझंच डोकं फिरलं ना राव! खुनी कोण? हाकिमाचा मामा! सख्खा मामा! भाच्याची जायदाद गिळायला माणसं मारली आन् आळ टाकला त्या गरीब कोल्हिणीवर! आमच्याकडं मामा म्हणजे लग्नात पाठीशी उभा राहणारा माणूस. ह्याला लाज कशी न्हाई?

तणतणत घरी आलो. चारी पानं मंदाच्या हातावर ठेवली. तिचा चेहरा असा खुलला, म्हणून सांगू! पदरानं तेल टिपलं, पहिली ओळ वाचली.

माझ्यानं राहवंना. "मंदे, असा मामा वैऱ्यालाबी न मिळो! सगळे खून त्यानंच केले की!"

मंदानं हळूच पान खाली ठेवलं.

"टेलरकडं गेलाच होता," ती म्हणली, "तर येताना तोंड शिवून आणायचं होतं!"