जिभेवरचं भूशास्त्र

बी.एस्सी.ला जीवशास्त्र आणि भूशास्त्र घेतल्यापासून मी कुणी न विचारता दगडांची नावं सांगत सुटायचे. खर्ड्याच्या अभ्याससहलीत एका गोठ्यापाशी गुलाबी, चमकदार दगड दिसला. सगळ्यांच्या आधी मी तो उचलला, जिभेला लावला आणि ओरडले, "सर, खारट! सैंधव!"

गोठ्यातून मालकीण गीताबाई धावत आल्या. "अगं पोरी, आमच्या म्हशीचं चाटायचं मीठ हाय ते! सकाळधरनं चाटतीय ती."

मैत्रिणी पोट धरून हसल्या. मी हौदावर दहा वेळा चुळा भरल्या. सर मात्र गंभीरपणे म्हणाले, "खनिज बरोबर ओळखलंस."

तेवढ्या कौतुकानं मी पुन्हा फुगले आणि नमुना पिशवीत टाकायला निघाले. गीताबाईंनी तो हातातून काढून घेतला आणि म्हशीपुढं ठेवला.