एका महिन्यात तीन कावळे

महाराष्ट्र होऊन वर्षही उलटलं नव्हतं. मी बाभुळगावच्या शाळेत मास्तर होतो आणि महागावला बदली झाली होती. मे महिन्यात घर सोडणार, हे मी घरमालकांना फाल्गुनातच सांगून टाकलं. इतकी घाई करायचं काही कारण नव्हतं. पण चांगला भाडेकरू म्हणवून घ्यायची मला हौस. ती बायकोला भोवली.

दुसऱ्याच दिवसापासून मालक घर दाखवायला माणसं आणू लागले. साठीचे, कापसाची शेती असलेले गृहस्थ. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं, त्यामुळे दाखवताना भान सुटायचं. दार लोटून थेट चुलीपाशी! बायको भाकरी थापत असली की पाहुण्याला म्हणत, "पाहा, बाई सैपाक करून राह्यली, पण डोयात पाणी हाय का? धूर सिदा वर जाते." पाहुणा वाकून बायकोचे डोळे तपासायचा.

एकदा ती न्हाणीत होती. न्हाणीला दाराऐवजी गोणपाट. काकाजी दोन हातांच्या अंतरावर उभे राहून नालीचा उतार समजावू लागले आणि पुरावा म्हणून वाहतं पाणी दाखवू लागले. आतून पाणी एकदम बंद झालं. पाहुणा जाईपर्यंत ती ओलेत्यानं बसून राहिली. मी तिथंच होतो. "उतार चांगला आहे," असं मी म्हणाल्याचंही आठवतं.

संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, "त्यायले सांगा, अंगणातून हाक मारत जा. मी बाहीर आली का मंग आत या. अजून आपणच राह्यतो ना इथं?"

"सांगतो," मी म्हणालो.

वर्गात चाळीस पोरांवर ओरडणारा मी, पण काकाजी समोर आले की घसा बसायचा. पुढच्या खेपेला ते नव्या माणसाला घेऊन ओट्याशी आले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काकाजी, आज नको. घरात कावळा शिवलाय."

बाई विटाळशी होऊन तीन दिवस बाजूला बसली की तेव्हा असंच सांगत. काकाजी सोवळ्याओवळ्याचे पक्के. ते इतक्या झटक्यानं मागं सरले की मागच्या माणसाचा पाय तुडवला गेला.

आत बायको खूश. "सांगतलं वाट्टे तुमी!"

मी छाती फुगवली. आठ दिवसांनी पुन्हा कावळा शिववला. पुढच्या आठवड्यात तिसऱ्यांदा.

मग एका दुपारी काकू, म्हणजे मालकीणबाई, शेजारच्या दोघींना घेऊन आल्या. हातात झाकलेला गडू. मी वह्या तपासत होतो.

"पोरी, लपवून काहून ठेवलं?" त्यांनी बायकोचा हात धरला. "एका महिन्यात तीनदा? अशोकाच्या सालीचा काढा आणला. पेठेतल्या बाया बी इचारून राह्यल्या, मास्तरणीले काय झालं मनून."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी एका पोराच्या बरोबर आलेल्या गणितावर फुली मारली. तिला घरात चार भिंतींचा आडोसा मिळावा म्हणून मी तिची सगळ्यांत आतली गोष्ट पेठभर करून ठेवली होती.

ती लाजेनं लाल झाली, पण गप्प बसली नाही. "काकू, कावया मले नाई शिवला. यायच्या जिभेले शिवला." आणि न्हाणीपासून सगळं सांगितलं. "माणसं खुशाल आणा. फक्त हाक मारा अन् मी येईस्तोवर थांबा."

काकूंनी तिचा हात सोडला. "इतकंच होतं तर पयल्या दिशीच सांगाचं," त्या मला म्हणाल्या. "अन् हे म्हातारं न्हाणीपाशी गेलं? येऊ दे घरी!" मग गडू माझ्यापुढं सरकवला. "सकायपासून उकळला मी. फेकाचा नाई. घ्या."

शेजारणी पदरात तोंड खुपसून हसत होत्या. मी प्यालो. तुरटपणा रात्रीच्या जेवणापर्यंत जिभेवर होता.

त्यानंतर काकाजी आले ते कुंपणापासूनच खाकरत. "घरात हाय का, पोरी?" असं विचारून ओट्यावर बसत. बायको निवांत हात धुऊन, पदर सावरून बाहेर येई.

मे महिन्यात महागावला घर बघायला गेलो. त्या घरात अजून एक कुटुंब राहत होतं. तिथला मालक दार ढकलणार, तोच बायको अंगणात थांबली. "बाई, येऊ का जी आत?"

"थांबा जी जरासक!" आतून बाईचा आवाज आला.

डोक्यावर ऊन मी म्हणत होतं. मालकानं माझ्याकडं पाहिलं. मी जीभ आवरली आणि बायकोशेजारी उन्हातच उभा राहिलो.