भागीरथीबाईंकडे जेवणारा शेवटचा

गुजरातेतल्या भेस्तानच्या चाळीत भागीरथीबाईंनी सव्वीस वर्षं खानावळ चालवली. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कामाला आलेली अमळनेर-पारोळ्याकडची माणसं त्यांच्याकडे पंगतीनं बसायची. ताट जरा रिकामं दिसलं की बाई विचारायच्या, "आजून काय वाढू?" मग गुडघे गेले, खानावळ बंद पडली आणि सगळी माणसं भिंतीपलीकडे प्रमिलाबाईंकडे जेवायला लागली. काशिनाथसुद्धा. अठरा वर्षं बाईंच्या हातचं खाल्लेला हा माणूस आता तिकडे ढेकर द्यायचा आणि तो इकडे ऐकू यायचा. बाईंचा नुसता जळफळाट व्हायचा. फोडणीचा वास आला की त्या धाडकन खिडकी लावायच्या, आणि आत उकडायला लागलं की त्याचा दोषही प्रमिलाबाईंनाच द्यायच्या.

नवरात्राच्या आधी एका दिवेलागणीला मागच्या अंगणात एक काटेरी गोळा हलताना दिसला. लांब कान, टोकदार नाक. गुजराती शेजारी या काटेचुव्याला शेळो म्हणायचे, बाईही तेच म्हणू लागल्या. त्यांनी लगेच ताटली काढली आणि दुधात भाकरी कुस्करून ठेवली. शेळो दूध प्यायला. दुसऱ्या दिवशीही प्यायला. किती महिन्यांनी कुणीतरी त्यांच्या दारी जेवत होतं! तिसऱ्या दिवशी मात्र अंगणात पातळ घाण पडली होती आणि त्याचा पत्ता नव्हता. चौथ्या दिवशी तो आला, ताटलीला नाकही न लावता पुढे गेला आणि मोरीच्या भोकातून थेट प्रमिलाबाईंकडे.

"यालाही फोडलं सटवीनं," बाई म्हणाल्या.

त्यांनी दुधात साय घातली, साखर घातली. शेळो ढुंकूनही बघेना. शेवटी दुखऱ्या गुडघ्यांनिशी त्या पालथ्या घमेल्यावर चढल्या आणि भिंतीवरून डोकावल्या.

पलीकडे ना ताटली ना वाटी. कोपऱ्यात मेथीच्या काड्या आणि कांद्याची टरफलं कुजत पडली होती. शेळो त्यात नाक खुपसून एकेक किडा कुडुम कुडुम फोडत होता. मध्येच त्यानं ओल्या मातीतून गांडूळ ओढून काढलं. प्रमिलाबाई आत भाकऱ्या थापत होत्या. त्यांचं लक्षही नव्हतं.

काशिनाथ हात धुवायला बाहेर आला आणि भिंतीवर बाईंचं डोकं बघून थबकला. "माय, आठे काय देखी राहिनी?"

"प्रमिला याले काय खावाले देस?"

"कोनी काय देत नई. किडा, झुरळं खास तो. दूध त्याले पचस नई." त्यानं टाचा उंचावून भिंतीवरून बाईंच्या लखलखीत अंगणात नजर टाकली. "तू रोज फिनाईल टाकस. तुनाकडे तो काय खाई?"

प्रमिला काही सुगरण ठरली नाही, म्हणून बाईंना घटकाभर बरं वाटलं. मग कळलं, तिनं बोटही हलवलं नव्हतं आणि तरी तो तिच्याकडेच गेला होता. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

फिनाईल बंद झालं. आठवडा गेला, तरी अंगणात मुंगीसुद्धा फिरकेना. मग ज्या दारात त्यांनी कधी चिमूटभर मीठ मागितलं नव्हतं, तिथे त्या रिकामी टोपली घेऊन उभ्या राहिल्या. "तुना तो कचरा दे," म्हणाल्या. टोमण्याला द्यायचं उत्तर तयार होतं, पण प्रमिलाबाईंनी टोपली भरून दिली. "सकायले आनखी ने, माय," एवढंच त्या बोलल्या. बाईंनी टोपली आपल्या अंगणाच्या कोपऱ्यात ओतली.

पाचव्या संध्याकाळी शेळो त्या ढिगाजवळ थांबला. बाईंकडे पाठ करून खाऊ लागला. बाई भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं खाकरल्या, पलीकडे कळावं म्हणून. मग जिन्याच्या पायरीवर बसून बघत राहिल्या. त्याचं खाणं थांबलं तशा त्या सवयीनं गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"आजून काय वाढू?"

हातात काहीच नव्हतं. शेळो भोकातून पलीकडे निघून गेला.